खाच आणि तार

दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवतात तो ब्रॅकेट एकदा सुटा मिळवावा, भिंगाखाली धरावा आणि घाई न करता पाहत राहावं. एरवी आपल्या नजरेला पडतो तो त्यांचा समुदाय; शाळेतून परतणाऱ्या एखाद्या मुलीच्या हसण्यात चमकून जाणारी धातूची ओळ, जिला ‘तारा लावल्यात’ एवढं म्हणून आपण पुढे जातो. भिंगाखाली मात्र त्या जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटरच्या तुकड्याची रचना हळूहळू उलगडू लागते. वर दोन आणि खाली दोन असे चार पंख, ज्यांच्याखाली रबराची रंगीत कडी अडकते. पाठीला सूक्ष्म जाळी, जिच्या छिद्रांत चिकटद्रव्य शिरून घट्ट होतं. आणि या सगळ्याच्या मधोमध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेली एक आडवी खाच. तिची उंची ०.०२२ इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक. काही पद्धतींत ती ०.०१८ इंचच असते. धातूचे, सिरॅमिकचे, आतल्या बाजूने बसवायचे, स्वतःचं दार असलेले असे ब्रेसेसचे प्रकार दवाखान्यातल्या नमुन्याच्या जबड्यावर आपल्यापुढे येतात, तेव्हा तुलना होते ती बहुधा दिसण्याची आणि दराची. पण त्यांच्यातला खरा रस या खाचेपाशी आहे. तारेला खाचेत किती धरायचं आणि किती मोकळं सोडायचं, या एकाच प्रश्नाला प्रत्येक प्रकाराने आपापलं उत्तर दिलेलं आहे, आणि ती उत्तरं शेजारी शेजारी ठेवून न्याहाळण्यात मोठा आनंद आहे.

ही आडवी खाच पहिल्यांदा कोरली ती एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने, १९२५ साली, वयाच्या सत्तरीत. त्याआधीची त्याची साधनं पाहिली की त्या खाचेचं मोल कळतं. सुरुवातीच्या साधनात दातांच्या बाहेरून एक जाड कमान फिरे आणि वाकडे दात बारीक तारांनी तिच्याकडे ओढून बांधले जात. दात पुढे येई, पण कलंडत येई. मग त्याने प्रत्येक दातावर उभी नळी बसवली आणि कमानीला सांधलेल्या खिळ्या त्या नळ्यांत घातल्या. आता दाताचं मूळही हलवता येई, पण दर भेटीला त्या खिळ्या उसवून नव्या जागी पुन्हा सांधायच्या. इतकी नाजूक कारागिरी किती हातांना जमणार? मग त्याने उभ्या खाचेचा ब्रॅकेट केला, आणि शेवटी त्या खाचेचं तोंड समोर वळवलं, तिला चौकोनी कोपरे दिले आणि तिच्यात चपटी, आयताकृती छेदाची तार कडेवर उभी करून सारली. एवढाच बदल. पण गोल तार गोल असल्यामुळे खाचेत फिरते आणि दाताला पिरगळू शकत नाही. आयताकृती तारेचे कोपरे खाचेच्या भिंतींना भिडतात आणि तारेत दिलेला पीळ थेट दाताच्या मुळापर्यंत पोचतो. आपल्याला दिसतो तो दाताचा माथा. त्याहून लांब असलेलं मूळ हिरडीखाली हाडात दडलेलं असतं, आणि माथ्यावर धरलेल्या चार कोपऱ्यांतून त्या अदृश्य मुळाला वळवता यावं, हा विचार सुचणाऱ्या माणसाबद्दल मन आदराने भरून येतं. ते पहिले ब्रॅकेट आणि त्या तारा सोन्याच्या मिश्रधातूच्या होत्या. स्टेनलेस स्टीलचं राज्य नंतर आलं. आज कुठल्याही गावच्या ऑर्थोडॉन्टिस्टकडे दिसणारी साधी धातूची ब्रेसेस म्हणजे त्याच खाचेची थेट वारसदार आहेत.

अँगलने पकड निवडली. आणि ज्या काळात तो ही पकड घडवत होता, नेमक्या त्याच काळात त्याच्या कॅलिफोर्नियातल्या शाळेत ॲडलेडहून आलेला एक तरुण विद्यार्थी शिकत होता, ज्याने पुढे गुरूच्या नेमकं उलट उत्तर दिलं. रेमंड बेग. ऑस्ट्रेलियात परतल्यावर काही वर्षं गुरूची पद्धत चालवून त्याने हळूहळू स्वतःची वाट धरली: गुरूचाच जुना, उभ्या खाचेचा ब्रॅकेट उचलला, तो उलटा करून खाच हिरडीच्या बाजूला नेली, तिच्यात ०.०१६ इंचाची बारीक गोल तार ठेवली आणि ती निसटू नये म्हणून पितळेची एक इवली पिन घातली. तार आणि ब्रॅकेट यांचा स्पर्श जणू एका बिंदूपुरताच राहिला. दाताला त्या बिंदूभोवती कलायला पूर्ण मुभा. आपण कल्पना करून पाहावी: उपचाराच्या मध्यावर असलेल्या रुग्णाच्या तोंडात जागा बंद झालेल्या आहेत, पुढे आलेले दात मागे सरले आहेत, पण सगळे दात असे काही कलले आहेत की अनोळखी माणूस म्हणेल, हे काय करून ठेवलं! आणि मग शेवटचा टप्पा सुरू होतो. माथे जिथे जायला हवेत तिथे पोचलेले असतात. आता केसासारख्या बारीक स्प्रिंगा लावून एकेक मूळ माथ्याखाली सरळ उभं केलं जातं. आधी सोडून द्यायचं, मग सावरायचं. त्या मधल्या, बेढब वाटणाऱ्या अवस्थेवर विश्वास ठेवून थांबण्यात जे धैर्य आहे ते मला या साऱ्या शास्त्रातलं सर्वांत काव्यमय वाटतं. आपल्याकडच्या दंतवैद्यक महाविद्यालयांतही ही पद्धत बराच काळ आवडीने शिकवली गेली, आणि त्या पिढीचे डॉक्टर आजही हातातल्या पकडीने वळलेल्या तारेबद्दल ज्या जिव्हाळ्याने बोलतात, तो ऐकण्यासारखा असतो.

बेगच्या या मोकळिकीमागे हाडाचं एक सत्य उभं आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढची तुलना रंगत नाही. दात हाडात रोवलेला नसतो, तो हाडात झुलत असतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटरहूनही पातळ असा तंतूंचा, रक्तवाहिन्यांचा एक थर असतो. दाताला एका दिशेने हलकेच रेटलं की त्या बाजूचा थर दबतो आणि तिथल्या पेशी हाड विरघळवू लागतात. मागच्या बाजूला थर ताणला जातो आणि तिथे नवं हाड घडू लागतं. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेटने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पण रेटा जास्त झाला तर दबलेल्या थरातला रक्तप्रवाहच थांबतो, तिथल्या पेशी मरतात आणि दात अडून बसतो. मग शरीर आडवाटेने, पलीकडच्या मज्जेकडून, ते हाड पोखरत येतं. म्हणून जोर वाढवून दात लवकर हलत नाही. महिन्याकाठी सुमारे एक मिलिमीटर, ही हाडाची स्वतःची लय आहे, आणि कुठल्याही प्रकारच्या ब्रेसेसना तिच्या चालीनेच चालावं लागतं. आपलं मूल दर महिन्याला दवाखान्यातून येतं आणि आपण आरशात काही बदल शोधतो, तेव्हा दृष्टीला न दिसणाऱ्या त्या थरात एकाच वेळी विध्वंस आणि निर्मिती शेजारी शेजारी चाललेली असते.

तेव्हा हलका आणि सातत्याचा जोर हवा, आणि तो देणार तार. इथे आपण खाचेवरून नजर काढून थोडा वेळ तारेकडेच पाहू. गोल तारेचा व्यास दुप्पट केला तर तिचा ताठपणा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणून केसभर जाडीच्या फरकाला इथे एवढं महत्त्व. स्टीलची तार वाकड्या दातांच्या ओळीत बसवायची तर ती एक तर फार ताठ ठरते किंवा कायमची वाकून जाते, आणि यातून वाट काढण्यासाठी जुने डॉक्टर तिच्यात ठिकठिकाणी वेटोळी घालून तिची लांबी वाढवत, म्हणजे जोर मऊ होई. बेगसाठी आर्थर विलकॉक या धातुतज्ज्ञाने खास कणखर आणि लवचीक स्टीलची तार ओढली ती याच गरजेपोटी. मग आला निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू. अमेरिकन नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर आणि त्याच्या सहकाऱ्यांना त्याचा आकार आठवून ठेवण्याचा गुण सापडला, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आयोवा विद्यापीठाच्या जॉर्ज अँड्रिअसनने त्याला तोंडात आणलं. आजच्या उष्णतेने जागृत होणाऱ्या तारेची गंमत आपण खुर्चीशेजारी उभं राहून पाहावी. गार केलेली तार डॉक्टरांच्या हातात शिशासारखी मऊ होते. सुळा वर चढलेला, चौकडीतला दात मागे गेलेला, अशा वेड्यावाकड्या ओळीतून ती निमूटपणे वळत प्रत्येक खाचेत जाऊन बसते. तोंडाच्या उबेने काही क्षणांत तिला आपली मूळची कमान आठवते, आणि पुढचे कित्येक आठवडे ती तिकडे परतत राहते. गार पाणी प्यायलं की ती क्षणभर सैलावते, गरम चहाने पुन्हा ताठरते. दाताला रेटणारी वस्तू आणि रेट्याला संयम घालणारी वस्तू एकच झाली, आणि बेगने खाच सैल सोडून जे मिळवलं त्यातलं बरंच काही आता घट्ट खाचेतही मिळू लागलं.

पकड आणि मोकळीक यांच्या या भांडणाला आणखी एका माणसाने वेगळंच वळण दिलं. सॅन दिएगोच्या लॉरेन्स अँड्र्यूजने उपचारांकडे पाहण्याआधी निसर्गाकडे पाहिलं. ज्यांना कधीच उपचाराची गरज पडली नाही अशा १२० माणसांच्या सुंदर दातांचे प्लास्टरचे साचे त्याने जमवले, प्रत्येक दात मोजला, आणि १९७२ साली त्या सगळ्यांत समान आढळलेली सहा लक्षणं मांडली. आपण आरशात हसून पाहिलं तर समजेल की सुंदर दात उभ्या रेषेत ताठ नसतात. त्यांना एक हलका कल असतो, माथ्याकडून हिरडीकडे जाताना मागे झुकणारा, आणि तो दातागणिक बदलतो. अँड्र्यूजने वरच्या मधल्या पटाशीच्या दाताला ५ अंश, तिच्या शेजारणीला ९ आणि सुळ्याला ११ अंश असा कल नेमून दिला. ओळीत पुढे सरकताना हळूहळू वाढत जाणाऱ्या त्या झुकावातच हसण्याचं लालित्य आहे. अँगलच्या पद्धतीत हा कल दर रुग्णाच्या तारेत, दर दातापाशी हाताने वळवावा लागे. अँड्र्यूजने तो ब्रॅकेटमध्येच कोरून ठेवला, आणि तार सरळ राहिली. सारंगीवर प्रत्येक स्वर वादकाच्या नखाला दरवेळी नव्याने शोधावा लागतो, तर पेटीत तो पट्टीखाली आधीच ठेवलेला असतो. दोन्हींतून संगीत निघतं, पण कारागिरीचं स्थान बदलतं. आता डॉक्टरांचं कौशल्य एकवटतं ते ब्रॅकेट दातावर नेमका कुठे ठेवायचा या एका निर्णयात. तो अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर कोरलेले सगळे अंश चुकीच्या जागी बोलू लागतात. आज आपल्याला भेटणारे बहुतेक सगळे प्रकार, मग ते धातूचे असोत की सिरॅमिकचे, याच विचाराची लेकरं आहेत.

सिरॅमिककडे येण्याआधी चिकटद्रव्यापाशी क्षणभर थांबायला हवं, कारण त्याच्याशिवाय सिरॅमिकला जन्मच नव्हता. पूर्वी प्रत्येक दाताला धातूचा पट्टा गुंडाळून त्यावर ब्रॅकेट सांधत, आणि अख्खं तोंड धातूने भरून जाई. आज तसे पट्टे फार तर दाढांवर उरलेत. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोअरने फॉस्फोरिक आम्लाने इनॅमलचा पृष्ठभाग खरखरीत केला तर त्यावर राळ घट्ट बसते हे दाखवलं, आणि त्यानंतर दहा वर्षांत ब्रॅकेट थेट दाताला चिकटवण्याची वाट खुली झाली. या चिकटवण्याकडून अपेक्षा मात्र दोन तोंडांची आहे: वर्ष-दीड वर्ष, कधी दोन-अडीच वर्षं, भाकरी-भाजीच्या रोजच्या चावण्यात ते टिकायला हवं, आणि ज्या दिवशी काढायचं त्या दिवशी इनॅमलला ओरखडाही न येता सुटायला हवं. फार घट्टही नको, फार सैलही नको. खाचेतला तो मूळ प्रश्न ब्रॅकेटच्या पाठीवरही असा लिहिलेला दिसतो.

१९८०च्या दशकात आलेले सिरॅमिक ब्रॅकेट म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, तेच द्रव्य ज्याचा रंगीत स्फटिक माणिक आणि नीलम म्हणून आपण अंगठीत घालतो. काही ब्रॅकेट असंख्य बारीक कणांचे, दुधी अर्धपारदर्शक. काही एकाच कृत्रिम स्फटिकातून कोरलेले, पाण्यासारखे नितळ. दाताचा रंग स्वतःत शिरू देऊन त्याच्यात मिसळून जाणं ही त्यांची खुबी, आणि कठीणपणा हा त्यांचा स्वभाव. मोहसच्या काठिण्याच्या मोजपट्टीवर इनॅमल ५ आणि हे द्रव्य ९. म्हणून खालच्या पुढच्या दातांवर ते बसवताना डॉक्टर विचार करतात, कारण वरचे दात त्यावर घासले तर झिजणार ते दातच. धातू वाकतो, सिरॅमिक वाकत नाही, तुटतं. काढताना डॉक्टरांचा हात अधिक हळुवार होतो. खाचेची भिंतही धातूइतकी गुळगुळीत नसल्यामुळे तार तिच्यातून जरा अडखळत सरकते, आणि म्हणून काही सिरॅमिक ब्रॅकेटांच्या खाचेला आतून धातूचं अस्तर देतात. मराठी घरात या पारदर्शक सौंदर्याची खरी परीक्षा मात्र स्वयंपाकघर घेतं. ब्रॅकेट स्वतः डागत नाही, पण तारेला धरून ठेवणारी पारदर्शक रबरी कडी हळदीला शरण जाते. वरणभात, पिवळी बटाट्याची भाजी, मुगाची खिचडी, आणि दोन-चार दिवसांत तो न दिसणारा दागिना केशरी-पिवळ्या ठिपक्यांची ओळ होऊन दिसू लागतो. मग कुणी कडीऐवजी बारीक स्टीलची तार बांधतात, कुणी राखाडी कडी सुचवतात. मला तर त्या पिवळेपणात वावगं काही वाटत नाही. पण तरुण रुग्णाला वाटतं, आणि त्याच्या वाटण्याला मान द्यायलाच हवा.

या कड्यांचा दुसरा दोष असा की त्या लवकर थकतात. लावल्यापासून पहिल्याच दिवसात त्यांची पकड बरीच ढिली होते. म्हणून ब्रॅकेटलाच सरकतं दार देण्याची कल्पना पुढे आली. १९३५ सालीच न्यूयॉर्कच्या जेकब स्टोल्झेनबर्गने चपट्या स्क्रूने बंद होणारा ब्रॅकेट केला होता, आणि १९९०च्या दशकात ड्वाइट डेमनच्या रचनेने ही कल्पना सर्वदूर नेली. दार लागल्यावर खाच ही चारी बाजूंनी बंद नळी होते आणि तार तिच्यात सैलपणे सरकते. यंत्र म्हणून ते देखणं आहे, तार बदलताना खुर्चीतला वेळही थोडा वाचतो. उपचार लवकर संपतात किंवा कमी दुखतं, हे मात्र तुलनात्मक चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. हाडाची लय दाराने बदलत नाही.

आणि आता आपण दातांच्या मागे जाऊ, जिथे सगळ्यात अवघड आणि म्हणून सगळ्यात रसाळ प्रकार दडलेला आहे. जपानचा किन्या फुजिता आणि अमेरिकेचा क्रेव्हन कुर्झ या दोघांनी १९७०च्या दशकात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ब्रॅकेट दातांच्या आतल्या बाजूला नेले. बाहेरून काहीच दिसत नाही. पण आतलं जग वेगळं आहे. पुढून पाहिलं तर सुळा आणि त्यामागची उपदाढ एका ओळीत असतात. जिभेच्या बाजूने उपदाढ सुळ्याच्या मानाने बरीच आत आलेली असते, म्हणून फुजिताने तारेला तिथे आत वळणारी पायरी दिली आणि तिला अळंबीच्या छत्रीचा आकार आला. आतली कमान बाहेरच्या कमानीहून लहान, म्हणून ब्रॅकेट एकमेकांच्या जवळ येतात, त्यांच्यामधल्या तारेची मोकळी लांबी घटते आणि तीच तार जास्त ताठर वागू लागते. दातांच्या पाठी बाहेरच्या पृष्ठभागांप्रमाणे एकसारख्या नसतात. माणसागणिक त्यांचे उंचवटे आणि खळगे बदलतात. म्हणून जर्मनीच्या डिर्क विखमनने प्रत्येक दाताचा साचा घेऊन संगणकावर ब्रॅकेट घडवले आणि ते सोन्याच्या मिश्रधातूत ओतले. अँगलचं सोनं असं बाहेरून आत, दाताच्या पाठीशी परत आलं. वरच्या पुढच्या दातांमागचे ब्रॅकेट तर आणखी एक काम आपोआप करतात: खालचे दात त्यांच्यावर टेकतात, मागच्या दाढा थोड्या उघड्या राहतात, आणि फार खोल मिटणारा चावा त्यामुळे उथळ व्हायला मदत होते.

या प्रकाराची पहिली किंमत जीभ मोजते, आणि ती कशी, हे मराठी माणसाला चटकन उमगेल. त, थ, द, ध, न म्हणताना आपल्या जिभेचं टोक वरच्या दातांच्या पाठीला नेमकं त्याच जागी टेकतं जिथे आता धातू बसला आहे. चमच्यातला च, जहाजातला ज आणि झाडातला झ यांनाही तीच वाट. पहिले काही दिवस ‘दादा’ हा साधा शब्दही जड होतो, ‘स’ला शिट्टीचा किंवा कुजबुजीचा वास येतो, जिभेची कड सोलवटते आणि मेणाचा तुकडा लावून झोपावं लागतं. मग दोन-तीन आठवड्यांत, कधी त्याहून थोडं अधिक, जीभ आपलं वळण बदलते. कुणी न शिकवता ती टेकण्याची जागा केसभर सरकवते, आणि शब्द पुन्हा स्वच्छ उमटतात. दात हलवण्यासाठी लावलेल्या साधनाला आधी जीभ सामावून घेते, हाड त्यामागून.

ब्रेसेस निघाल्यावर खालच्या पुढच्या सहा दातांमागे बहुधा एक बारीक तार कायमची चिकटवतात. तीही स्थिर ब्रेसेसचाच एक प्रकार, फक्त तिला कुठेही न्यायचं नसतं. दात जुन्या जागी परतू पाहतात, कारण ताणलेले हिरडीचे तंतू आपला ताण सहजी विसरत नाहीत, आणि या तारेने त्यांना थोपवायचं असतं. तरीही ती एकसंध जाड तार नसते. बारीक तारा एकमेकींवर पिळून केलेली ती एक लवचीक दोरी असते, आणि तशी ती मुद्दाम असते. दात शेंगदाणा चावताना पाव मिलिमीटरच्या आतला आपला नैसर्गिक झोका घेऊ शकले पाहिजेत, तर त्यांच्याभोवतीचा तंतूंचा थर निरोगी राहतो.